वाटणीवाल्या काकासाहेबांची जिवाई

वाटूरच्या फाट्यावर उतरून काकासाहेबांचं घर विचारलं, तर लोक उलट तुम्हालाच विचारतील, "कोणते काकासाहेब? वाटणीवाले का?" हो, तेच. त्यांचं आडनाव कोणी घेत नाही. भावाभावांत जमीन वाटायची वेळ आली की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, आणि बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, असा माणूस.

त्यांची वाटणी करायची रीत ठरलेली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपोआप सरळ वागतो, कारण उरेल ते त्याला घ्यावं लागतं. कोणती पट्टी पाणी साचून चिबड होते, कोणत्या बांधावरचं आंब्याचं झाड कोणाच्या हद्दीत जातं, विहिरीवर पाण्याची पाळी कोणाची कधी, सगळं तोंडी ठरवून मगच माणसं तहसीलला पाठवायची. पण ह्या सगळ्याच्या आधी त्यांचं एक वाक्य असायचं, "पह्यली म्हातारा-म्हातारीची जिवाई बाजूला काढा, मंग बाकीचं बोला."

जिवाई म्हणजे आई-बापाच्या पोटापुरती वेगळी ठेवलेली जमीन. ते आहेत तोवर त्यांची, मागून पोरांची. आष्टीकडच्या एका गावात दोघे भाऊ म्हणाले, "काका, जिवाई कशाला? बाप आमच्यातच जेवंल. सहा महिने ह्याच्यात, सहा महिने त्याच्यात." काकासाहेब उठले आणि पायात चप्पल सरकवली. "बाप काय वरातीचा घोडा हाये का रे, आज ह्याच्या दारात अन् उद्या त्याच्या दारात? जिवाई न्हाई तर वाटणी न्हाई. मी चाललो." भाऊ मागं पळत आले. जिवाई निघाली. त्या गावचा तो म्हातारा पुढं कधीही बाजारात भेटला की काकासाहेबांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

आता ह्या शहाण्या माणसानं स्वतःच्या घरी काय केलं ते ऐका.

काकासाहेबांना एक मुलगा, आदिनाथ, आणि एक मुलगी, दैवशाला. दैवशाला भोकरदनला दिलेली. जमीन बारा एकर, त्यात विहीर, आणि विहिरीजवळ आदिनाथनं लावलेली मोसंबी. त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, बाप गेला की पोरं वारस लावायला तलाठ्याच्या दारात खेटे घालतात, सह्यांसाठी बहिणींच्या पाया पडतात, कोणीतरी रुसतं, आणि फेरफार अडकतो. काकासाहेब म्हणाले, माझ्या पोराच्या नशिबी हे नको. मी जिवंत असतानाच सगळं त्याच्या नावावर करून टाकतो.

दैवशालाला बोलावून घेतलं. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली, पुरणपोळी खाल्ली, साडी घेतली आणि गेली. सही करताना तिनं एकदा बापाकडं बघितलं होतं. काकासाहेब म्हणाले, "बाईच्या नावावर जमीन राहून काय उपेग? तू भोकरदनहून येऊन वखर हाकणार हायेस का?" ती हसली. मग आदिनाथच्या नावानं बक्षीसपत्र करायचं ठरलं. परतूरला दस्त लिहिणारा हरिओम काकासाहेबांच्या चांगल्या ओळखीचा. त्यानं लिहिता लिहिता मान वर केली. "काका, सांभाळ करायची अट टाकू का? आजकाल सगळेच टाकून राह्यलेत."

काकासाहेबांचा पारा चढला. "माझ्या पोराला अट? अरे, एकुलता एक पोरगा माझा. तू लिही गुमान."

"न्हाई, मी म्हणलं जिवाईसारखं काहीतरी..."

"जिवाई वाटणीत असती, हरिओम. इथं वाटणी करायची कोणासंग? माझी माझ्यासंग?"

हरिओमनं मान खाली घालून पुढं लिहायला घेतलं. खरंच, काय बोलणार? ज्या माणसानं सगळ्या तालुक्याला जिवाई ठेवायला लावली, त्याला हे कोण सांगणार? त्यांच्या डोक्यात जिवाई ही भावाभावांच्या भांडणावरची तोड होती. भांडायला दुसरा भाऊच नाही तर जिवाई कशाची? झुंबरबाई, म्हणजे त्यांची बायको, बाहेर बाकड्यावर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

आदिनाथ वाईट निघाला असता तर गोष्ट सोपी होती. गाव गोळा झालं असतं, लोकांनी त्याच्या तोंडात शेण घातलं असतं. पण पोरगं सोन्यासारखं होतं हो! नाव त्याचं लागलं तरी मोसंबीचा सौदा ठरवायला बापालाच पुढं करायचा. व्यापारी आला की म्हणायचा, "अण्णांना इचारा, मला काय कळतंय." अर्पिता, सून, डी.एड. झालेली, शांत, दोन लेकरांची आई. सासऱ्याला मामा म्हणायची आणि त्यांच्या ताटात आधी वाढायची. काकासाहेब फाट्यावरच्या हॉटेलात बसून सांगायचे, "लोकं उगं घाबरतात. द्यायचं तर हातचं न राखता द्यावं." आणि ऐकणारे माना डोलवायचे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आदिनाथ आष्टीहून मोटारसायकलवर परत येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना लाल कापड. तिन्हीसांजेची वेळ. पुढचं काय सांगायचं! जालन्याला नेईपर्यंतसुद्धा पोरगं राहिलं नाही.

झुंबरबाई रडली ती दिवसच्या दिवस. काकासाहेब रडले नाहीत. लोक येत होते, त्यांच्याशी बोलत होते, कोणी गेलं की ओसरीतून उठून मोसंबीत जाऊन उभे राहत होते. कोणी हाक मारली की येत होते.

दिवसपाणी झालं, आणि वारस लावायचं निघालं. ज्या कामापासून पोराला वाचवायला त्यांनी सगळं केलं, ते काम आता पोराच्या जागी त्यांनाच करायचं होतं. तलाठी म्हणजे एक तरुण मॅडम, स्वभावानं चांगली. त्यांना खुर्ची दिली. कागद समोर धरून वाचून दाखवलं, "मयत आदिनाथ काकासाहेब यांचे वारस. पत्नी अर्पिता. मुलगी. मुलगा. आई झुंबरबाई." आणि कागद खाली ठेवला.

काकासाहेब वाट बघत राहिले. मॅडम पुढं वाचेनात.

"अन् बाप?" त्यांनी विचारलं.

"काका, बाप यात येत न्हाई." मॅडमचा आवाज हळू झाला. "बायको, लेकरं अन् आई हे पहिल्या वर्गाचे वारस. बाप दुसऱ्या वर्गात. पहिल्यातलं एक जरी कोणी असलं तरी दुसऱ्याला काही मिळत न्हाई. कायदाच हाये तसा."

"मॅडम, जमीन माझी होती."

"होती ना, काका."

 मॅडमनं पाणी मागवलं. ते प्यायले नाहीत, ग्लास हातात धरून बसले. बारा एकरांचे चार वाटे, त्यातला एक सुनेचा, दोन नातवंडांचे, आणि चौथा झुंबरबाईचा. घरही आदिनाथच्याच नावावर, त्याचंही तसंच. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे वाटे पाडले, त्यांचा स्वतःचा वाटा कुठंच नव्हता.

त्यांचा विश्वास बसेना. परतूरला राजानंद वकिलाकडं गेले. हा त्यांच्याच ओळखीतल्या एका घरचा पोरगा, काळा कोट नवाकोरा. त्यानंही तेच सांगितलं, वर म्हणाला, "काका, बक्षीसपत्रात अट असती तर काहीतरी करता आलं असतं. अट न्हाई. तरीबी ज्येष्ठ नागरिकांचा कायदा हाये, प्रांतसाहेबाकडं पोटगीचा अर्ज टाकू."

"अर्ज कोणाच्या विरुद्ध टाकायचा?"

"ज्यांच्याकडं जमीन गेली त्यांच्या. म्हणजे सून अन् नातवंडं."

काकासाहेब त्याच्याकडं बघतच राहिले. "माझा नातू तिसरीत हाये, राजानंद. त्याला मी कोर्टात उभा करू? जगायला लाज वाटंल मला." आणि उठले. वकिलानं फी घेतली नाही. तेही त्यांना झोंबलं.

गावात बातमी फुटायला किती वेळ लागतो? कचरू, त्यांचा शेजारी आणि लहानपणापासूनचा जोडीदार, हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, आता वहिनींना सांभाळून राहा बरं. मालकीण हाये ती!" लोक हसले. काकासाहेबही हसले, कारण न हसून काय करणार? पण घरी येताना ते बोलणं डोक्यात घोळत राहिलं. खरंच की. झुंबरबाईचा तीन एकर हिस्सा. बरोबर तेवढा, जेवढा ते दुसऱ्यांच्या आई-बापासाठी बाजूला काढायला लावायचे. विहिरीकडची बाजू तिच्याकडं घेतली तर म्हातारा-म्हातारीचं भागतं. कोणापुढं हात पसरायची वेळ येत नाही, गाव सोडायची तर नाहीच नाही. देवानं सगळं नेलं, पण तेवढं ठेवलं, असं त्यांना वाटलं. आदिनाथ गेल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री त्यांना झोप लागली.

आणि दुसऱ्या दिवशी काय केलं असेल ह्या माणसानं? सकाळी चहा करून झुंबरबाईला नेऊन दिला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, ह्या घरात चूल कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यांना ठाऊक असेल की नाही याची शंका होती. झुंबरबाईनं कप हातात घेतला, चहाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "तब्येत बरी हाये न्हवं तुमची?"

"काहून? बायकोला चहा द्यायला तब्येत बिघडावी लागती का?"

"न्हाई, साखर घातलीच न्हाई म्हणून इचारलं."

त्या दिवसांत ते तिच्याशी फार मऊ बोलायचे. शेतात जाताना "येतीस का चक्कर मारायला?" म्हणून विचारायचे. तिला घेऊन विहिरीपाशी बसायचे, आणि हा बांध कसा, तो ओढा कसा, इकडं हरभरा कसा येतो, ते सांगायचे. ती ऐकायची. पण तिचं लक्ष नसायचं. तिचे डोळे मोसंबीच्या ओळींवर असायचे, आणि थोड्या वेळानं ती पदर डोळ्याला लावायची. मग ते बोलायचे थांबायचे. आज नको, उद्या सांगू, असं करत करत त्यांनी मूळ गोष्ट काढलीच नाही.

एक दिवस अर्पिताचा भाऊ मिथुन जालन्याहून आला. पोरगा हुशार, बोलण्यात साखर, पण मनात काळंबेरं नाही. बहिणीला जालन्यात एका खाजगी शाळेत नोकरी लागत होती. लेकरांनाही तिथंच प्रवेश मिळत होता. दोन खोल्या भाड्यानं बघून ठेवल्या होत्या. जमीन निम्म्या वाट्यावर बटईनं लावायची, कचरूच करायला तयार होता. सगळे ओसरीत बसले. अर्पिता खाली मान घालून म्हणाली, "मामा, तुम्ही अन् आत्याबाई बी चला. तुम्हाला इथं एकटं सोडून माझ्या गळ्याखाली घास उतरायचा न्हाई." ती मनापासून बोलत होती. काकासाहेबांनाही ते कळत होतं, म्हणून तर जास्त जड गेलं. सून नालायक असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

त्यांनी बोलायचं मनात जुळवलं. म्हणायचं होतं, पोरी, तू जा, लेकरं शिकव, आमची काळजी करू नको. तुझ्या सासूच्या वाट्याचं आम्ही करून खातो. एवढंच. त्यांनी घसा खाकरला. आणि तेवढ्यात झुंबरबाई म्हणाली, "त्या कागदातून माझं नाव काढा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"तलाठीणबाईनं वाचून दाखवलं मला. मयत आदिनाथ, आई झुंबरबाई. माय वो! लेक गेला अन् मी त्याच्या जमिनीत वाटा घेऊ? मड्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्यासारखं हाये ते. मला न्हाई पायजे. लेकरांच्या नावानं करून टाका, अन् मला त्यांच्यापाशी राहू द्या. त्याचा पोरगा हसला की मला तो दिसतो. मला दुसरं काहीच नको."

मिथुन म्हणाला, "मावशी, घाई काही न्हाई. पण खरं सांगू का, पुढंमागं लेकरांच्या शिक्षणासाठी काही इकायचं झालं तर कोर्टाची परवानगी लागती. तवा जितकी नावं कमी तितकं बरं."

झुंबरबाईनं नवऱ्याकडं तोंड केलं. "तुमचं काय म्हणणं हाये?"

आता बोलायचं होतं. दारात नातू उभा होता, हातात बिस्कीट. अर्पिता, मिथुन, झुंबरबाई, सगळे त्यांच्याकडं बघत होते. दुसऱ्यांच्या बापासाठी ह्या तोंडानं काय काय सुनावलं होतं! चप्पल घालून उठून गेले होते, भाऊ मागं पळत आले होते. पण दुसऱ्याच्या बापासाठी बोलणं सोपं असतं. स्वतः बाप होऊन मेलेल्या पोराच्या जमिनीतलं मागायचं, तेही बायकोनं असं म्हटल्यावर, त्या माउलीला लोणी खाणारी ठरवून?  त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, "मला काय करायचंय? तुझ्या लेकाचं हाये. तू बघ."

झालं. एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि शेतात निघून गेले. बांधावर बसून त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या. अरे बावळटा, म्हणाले, एवढं एक वाक्य बोलायचं होतं!

त्यानंतरही त्यांनी प्रयत्न केला, अगदीच केला नाही असं नाही. झुंबरबाई ज्वारी निवडत बसली होती, तिच्यासमोर उकिडवे बसले. "अगं, त्या हिश्श्याचं मी म्हणत होतो..."

"हो, मी मिथुनला सांगितलं जल्दी करा म्हणून. मला ते डोक्यावर ओझं झालंय. ते उतरलं की मला झोप लागंल."

"झोप लागत न्हाई का तुला?"

"तुम्हाला लागती का?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि उठले.

शेवटी त्यांनी दैवशालाला फोन लावला. मनात होतं, आईला लेकीनं सांगितलं तर ऐकेल. फोनवर त्यांनी सगळं नीट सांगितलं. आईचा हिस्सा राहिला तर आम्ही गावात राहू, गेला तर जालन्याच्या दोन खोल्यांत सुनेच्या मागं. तू तिला समजाव.

 मग दैवशाला म्हणाली, "अण्णा, मला सही करायला बसवलं तवा तुम्ही म्हणले होते, बाईच्या नावावर जमीन राहून काय उपेग. आठवतं का? आता आईच्या नावावर राह्यली तरच तुम्हाला भाकर हाये म्हणून राह्यले."

काकासाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रागानं न्हाई बोलत," ती म्हणाली. "पण मी आईला काय सांगू? तुम्हीच शिकवलं की आम्हाला, बाईनं सोडून द्यावं. तुम्ही माझ्याकडं या दोघं. घर मोठं हाये. हे काही म्हणणार न्हाईत."

"लेकीच्या दारात राहू मी?"

"मंग काय सांगू, अण्णा?" ती खरंच विचारत होती.  दोघांनी इकडचं-तिकडचं बोलून फोन ठेवला.

दस्ताचा दिवस ठरला. परतूरचं ते नोंदणी कार्यालय काकासाहेबांच्या पायाखालचं. बाकड्यावर बसलेले लोक उठून नमस्कार करत होते. "काका, आज कोणाची वाटणी?" एकानं विचारलं. "आज घरचंच हाये," ते म्हणाले. हरिओमनंच दस्त लिहिला होता. त्यानं काकासाहेबांकडं बघायचं टाळलं. वाचून दाखवताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा भरभर चालला होता, जणू एखादं वाक्य मध्ये थांबलं तर कोणीतरी काहीतरी बोलेल.

काकासाहेब भिंतीला टेकून उभे होते. अजून वेळ आहे, असं स्वतःशी म्हणत होते. तिला बाजूला घेऊन दोन शब्द सांगू. पण झुंबरबाईच्या मांडीवर नातवाचं डोकं होतं, पोरगं पेंगत होतं, आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. आदिनाथ गेल्यापासून तिचा चेहरा असा शांत त्यांनी बघितला नव्हता. ते भिंतीलाच टेकून राहिले.

नंबर लागला. झुंबरबाईचा फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला. मग कारकुनानं विचारलं, "ओळख द्यायला दोन माणसं?" एक मिथुन. दुसरा कचरू ठरला होता. कचरूनं खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, पुन्हा खिसे चाचपले. "अरेच्चा! आधार कार्ड घरीच राह्यलं की!"

"मंग आज होत न्हाई," कारकून म्हणाला.

काकासाहेब भिंतीपासून सरळ झाले. आज होत नाही! म्हणजे आजची संध्याकाळ मिळाली, उद्याची मिळाली. आज घरी गेल्यावर नक्की बोलायचं, काय वाटेल ते होवो. त्यांनी देवाचं नाव घेतलं.

"थांबा ना," मिथुन म्हणाला. "काकांकडं हाये आधार. काका, तुमच्या खिशातच असतं न्हवं कायम?"

असतं. वाटणीच्या कामाला कधी बोलावणं येईल याचा नेम नाही, म्हणून कायम असतं. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. झुंबरबाईनंही बघितलं. काकासाहेबांचा हात आपोआप वरच्या खिशाकडं गेला.

साहेब तरुण होते, कामात होते. मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, "बाबा, यांना ओळखता का?"

"ओळखतो. बायको हाये माझी."

साहेबांनी आता मान वर केली. एकदा दस्ताकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं. काय प्रकार आहे ते त्यांना कळलं असावं. पेन खाली ठेवून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाबा, ह्या राजीखुशीनं सोडून देतायत ना? तुमची काही हरकत? असली तर आत्ताच सांगा."

इतक्या महिन्यांत 'हरकत आहे का' असं सरळ त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर काम थांबलं असतं. काकासाहेबांनी बायकोकडं बघितलं. ती साहेबांकडं बघत नव्हती, दस्ताकडंही नाही. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती आणि तिनं श्वास धरून ठेवला होता.

"हरकत कशाची," ते म्हणाले. "राजीखुशीनंच हाये." त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं. यंत्रावर अंगठा ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही, कारकुनानं पुसून पुन्हा ठेवायला सांगितला, मग उमटला.

बाहेर मिथुन लेकराला घेऊन रसवंतीकडं गेला. अर्पिता वाकून सासूच्या पाया पडली, मग सासऱ्यांच्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पुढं गेल्यावर म्हातारा-म्हातारी मागून पायऱ्या उतरायला लागले. मधल्या पायरीवर झुंबरबाई थांबली, कठड्याला धरलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"लई भ्या वाटून राह्यलं होतं मला," ती म्हणाली.

"कशाचं?"

"तुम्ही मागताल म्हणून. चहा देऊन राह्यले, हिरीवर नेऊन राह्यले. मला काय कळत नव्हतं का? रोज वाटायचं, आज मागतात, आज मागतात. तुम्ही मागितलं असतं तर मला न्हाई म्हणता आलं नसतं हो. ठेवलं असतं मी नाव. तुमच्यासाठी ठेवलंच असतं." तिनं त्यांच्या हाताला हात लावला. "पण तुम्ही मागितलं न्हाई. लई मोठं मन हाये तुमचं."

काकासाहेब तिथंच खाली पायरीवर बसले. ती म्हणाली, "काय झालं? पाय दुखून राह्यले का?" ते म्हणाले, "हो, थोडे दुखून राह्यले. तू हो पुढं, लेकरं वाट बघत असतील."